मोठ्या रायफलच्या काडतुसांसाठी रिलोडिंग प्रेस: आधी काडतूस मोजा, मग प्रेस बघा

रिलोडिंग, म्हणजे वापरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या घरी पुन्हा भरणं, सुरू करणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "कुठल्या कंपनीची प्रेस घेऊ?" मी त्याला उलट विचारतो, "काडतूस कुठलं, आणि त्याची लांबी किती?" पिस्तुलाच्या किंवा .२२३ सारख्या छोट्या काडतुसांसाठी बाजारातली जवळपास कुठलीही प्रेस चालते. .३०-०६ पासून पुढे, म्हणजे .३०० विन्चेस्टर मॅग्नम, .३३८ लापुआ, .३७५ एच अँड एच, .४१६ रिग्बी या रांगेत शिरलात की प्रेसची खरी परीक्षा सुरू होते. तिथे चुकीची प्रेस घेतली तर पैसे जातातच, शिवाय पुंगळ्या, डाय (पुंगळीला आकार देणारा पोकळ साचा) आणि मनगटही जातं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. घरी काडतुसं भरण्याचे कायदे देशागणिक वेगळे आहेत. काही ठिकाणी हा खुला छंद आहे, काही ठिकाणी बंदुकीच्या परवान्यावर पावडर आणि प्रायमर (पावडर पेटवणारी तळातली छोटी टोपी) मिळतात, तर काही ठिकाणी वेगळा परवाना नसेल तर हा सरळ गुन्हा ठरतो. तुम्ही राहता तिथला नियम आधी वाचा, प्रेस त्यानंतर. या लेखात कुठल्याही काडतुसाचं पावडरचं माप दिलेलं नाही. ते फक्त पावडर किंवा गोळी बनवणाऱ्यांच्या छापील मॅन्युअलमधून घ्यायचं आणि खालच्या मापापासून सुरुवात करायची.

प्रेसचं खरं काम

गोळी सुटते तेव्हा पितळी पुंगळी फुगते आणि बंदुकीच्या चेंबरच्या मापाची होते. ती पुन्हा वापरायची तर डायमध्ये दाबून मूळ मापाजवळ आणावी लागते. याला सायझिंग म्हणतात. याच फेरीत डायमधली पिन जुना प्रायमर बाहेर ढकलते. मग पुंगळी पुसायची, लांबी वाढली असेल तर कापायची, नवा प्रायमर बसवायचा, पावडर घालायची आणि शेवटी गोळी बसवायची, म्हणजे सीटिंग.

या सगळ्यात प्रेसला घाम फोडणारं काम एकच, सायझिंग. गोळी बसवायला दोन बोटांचा जोर पुरतो. प्रायमर बसवायला तर प्रेस लागतच नाही, हातातल्या साधनाने ते उलट जास्त चांगलं जमतं, कारण प्रायमर तळाला टेकल्याचं बोटांना कळतं. म्हणून प्रेस निवडताना तुमच्या सगळ्यात जाड, सगळ्यात लांब पुंगळीचं सायझिंग डोळ्यांसमोर ठेवा. त्यात जी टिकते ती बाकीची कामं सहज करते.

सायझिंगमध्ये दोनदा जोर लागतो, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. दांडा खाली ओढताना पुंगळी डायमध्ये घुसते, तो पहिला जोर. दांडा वर नेताना डायमधला गोल मणी पुंगळीच्या मानेतून आतून ओढला जातो, तो दुसरा. या दुसऱ्या जोरात प्रेस टेबलापासून वर उपटली जाते. हलकं टेबल असेल तर दांड्याबरोबर टेबलाचे पुढचे पाय उचलताना दिसतात. टेबलाबद्दल पुढे लिहितो तेव्हा हे लक्षात ठेवा.

पहिली पायरी: काडतुसाची दोन मापं

व्हर्नियर घ्या, किंवा मॅन्युअलमधलं चित्र उघडा आणि दोन आकडे लिहा: पुंगळीची लांबी आणि भरलेल्या काडतुसाची एकूण लांबी. नेहमीच्या काडतुसांची कमाल मापं अशी. .३०८ विन्चेस्टर: पुंगळी ५१.२ मिमी, एकूण ७१.१ मिमी. .३०-०६ स्प्रिंगफील्ड: ६३.३ आणि ८४.८. .३०० विन्चेस्टर मॅग्नम: ६६.५ आणि ८४.८. .३३८ लापुआ मॅग्नम: ६९.२ आणि ९३.५. .३७५ एच अँड एच: ७२.४ आणि ९१.४. .४१६ रिग्बी: ७३.७ आणि ९५.२. आणि या सगळ्यांच्या पलीकडचं .५० बीएमजी: ९९.३ आणि १३८.४.

आता प्रेसचा स्ट्रोक बघा. रॅम, म्हणजे पुंगळीला वर डायमध्ये नेणारा प्रेसचा सरकता खांब, अगदी खालून अगदी वर जाताना जेवढं अंतर कापतो तो स्ट्रोक. सायझिंग डाय साधारणपणे शेलहोल्डरला (रॅमच्या टोकावर पुंगळीची कडा धरणारी चकती) टेकेल अशी लावतात. म्हणजे रॅम खाली असताना शेलहोल्डर आणि डायचं तोंड यांच्यात जी मोकळी जागा दिसते ती जवळजवळ स्ट्रोकएवढीच असते. जाहिरातीत 'मोठी खिडकी' लिहिलेलं असतं, पण खिडकी कितीही उंच असली तरी रॅमची चाल छोटी असेल तर त्या उंचीचा काही उपयोग नाही.

सायझिंगसाठी किती चाल लागते? डायच्या तोंडाखाली प्रायमर काढायची पिन ५-६ मिमी बाहेर आलेली असते, आणि पुंगळी तिच्याखाली आडवी सरकवून शेलहोल्डरमध्ये बसवायची असते. पुंगळीचा तळ शेलहोल्डरच्या वरच्या पातळीपासून सव्वातीन मिमीच्या आसपास खाली बसतो, तेवढा फायदा मिळतो. पुंगळीच्या लांबीत ८ मिमी मिळवा, म्हणजे काम भागतं. .३०-०६ साठी ७१, .३७५ साठी साधारण ८०.

पण खरी अडचण सीटिंगच्या वेळी येते. गोळी बसली, दांडा वर केला, रॅम खाली आला. आता तयार काडतूस बाजूला सरकवून काढायचं आहे, आणि गोळीचं टोक अजून डायच्या तोंडातच अडकलेलं! थोडंसं तिरकं करून दोन-चार मिमी निभावतात, त्याहून जास्त कमी पडलं तर प्रत्येक काडतुसाला डाय सैल करावी लागते. म्हणून माझा हिशोब सोपा आहे: स्ट्रोक हा काडतुसाच्या एकूण लांबीपेक्षा निदान १० मिमीने जास्त हवा. .३०-०६ साठी ९५ मिमी, .३७५ आणि .३३८ लापुआसाठी १०० ते १०५. वरची १० मिमी बोटांसाठी आहे. पुंगळीच्या तोंडावर गोळी ठेवून, ती दोन बोटांत धरून रॅम वर न्यायचा असतो. जागा अपुरी असेल तर गोळी खालून तिरकी डायमध्ये खुपसावी लागते आणि एकदा तरी बोटाचं टोक डाय आणि पुंगळीमध्ये सापडतं. ती जखम छोटी असते, पण महिनाभर आठवण देते.

शक्य असेल तर प्रेस बघायला जाताना एक डमी बरोबर न्या: सायझिंग केलेली पुंगळी, त्यात गोळी, पण पावडर नाही आणि प्रायमरही नाही. रॅम खाली करून ती शेलहोल्डरच्या जागी उभी धरली की आकडेमोड करायची गरजच उरत नाही.

आटे आणि शेलहोल्डर

बहुतेक सगळ्या डायना ७/८ इंच व्यासाचे, इंचाला १४ असे आटे असतात. हे माप इतकं रूढ आहे की एका कंपनीची डाय दुसऱ्या कंपनीच्या प्रेसमध्ये बिनदिक्कत बसते. .३३८ लापुआ आणि .४१६ रिग्बीपर्यंत याच मापाच्या डाय मिळतात. अगदी जाड पुंगळ्या मात्र ७/८ इंचाच्या डायमध्ये मावत नाहीत, मावल्या तरी डायची भिंत पातळ होते. त्यांच्यासाठी सव्वा इंच किंवा दीड इंच व्यासाच्या, इंचाला १२ आटे असलेल्या डाय येतात.

म्हणून प्रेसच्या माथ्यावर काढता येणारी बुश (मोठ्या भोकात बसणारी आटेदार कडी) आहे का ते बघा. अनेक दणकट प्रेसमध्ये मूळ भोक सव्वा इंचाचं असतं आणि त्यात ७/८ ची बुश बसवलेली असते. आज .३०-०६ भरा, उद्या दुहेरी नळीच्या जुन्या एक्सप्रेस रायफलची लांब पुंगळी हाती आली तर बुश काढून मोठी डाय लावा. बुश नसलेल्या प्रेसमध्ये हा रस्ता कायमचा बंद होतो.

.५० बीएमजीचा विचार असेल तर तो स्वतंत्र संसार समजा. त्याची कडा २०.४ मिमी व्यासाची, तर .३०-०६ ची १२ मिमी. त्याचा प्रायमर ८ मिमीचा, तर नेहमीच्या मोठ्या रायफलचा ५.३ मिमी. शेलहोल्डर वेगळा, आटे वेगळे, रॅमही बऱ्याचदा वेगळा. 'एकाच प्रेसवर .३०८ आणि .५० दोन्ही' ही इच्छा मी समजू शकतो, पण .५० साठी बनवलेल्या प्रेसवर .३०८ भरणं म्हणजे घणाने टाचणी ठोकणं. दोन प्रेस घ्या.

शेलहोल्डर ही छोटी चकती, पण ऑर्डर करताना सगळ्यात जास्त घोटाळा हिच्यात होतो. प्रत्येक कंपनीचे नंबर आपापले. .३०-०६ आणि .३०८ साठी आरसीबीएसचा नंबर ३ लागतो, लीचा नंबर २. .३०० विन्चेस्टर आणि .३७५ सारख्या पट्टेवाल्या मॅग्नमसाठी आरसीबीएसचा ४, लीचा ५. नंबर पाठ करण्यापेक्षा कंपनीच्या तक्त्यात काडतुसाचं नाव शोधा.

फ्रेमचा आकार

प्रेसच्या फ्रेमचे मुख्य प्रकार सी, ओ आणि एच. सी फ्रेम समोरून उघडी असते. हात आत-बाहेर छान फिरतो, पण जोर लागला की तिचा जबडा किंचित उघडतो आणि डाय रॅमच्या रेषेतून तिरकी होते. ओ फ्रेम म्हणजे बंद कडं, जोर चारही बाजूंनी वाटला जातो. एच प्रकारात खांबांच्या मध्ये रॅमची पाटी सरकते. मोठ्या रायफलसाठी माझी शिफारस बिडाच्या ओ फ्रेमची आहे, आणि ती मी अनुभवातून करतो.

माझी पहिली प्रेस अॅल्युमिनियमची, सी आकाराची होती. .३०८ तिच्यावर बरं चाललं. मग मित्राच्या .३०० मॅग्नमच्या वीस पुंगळ्या घेऊन बसलो. सातव्या पुंगळीला वंगण कमी लागलं असावं. दांडा अर्ध्यात जड झाला, मी तो सोडून परत फिरायला हवं होतं, पण मी अंगाचा भार टाकला. पुंगळी गेली वर, पण खाली येईना. दांडा वर ओढला तेव्हा शेलहोल्डरने पुंगळीची कडा फाडली आणि पुंगळी डायमध्येच राहिली. नंतर तिच्या तळाला भोक पाडून, आत आटे पाडून, बोल्टने ओढून काढावी लागली. डाय वाचली. प्रेसच्या खालच्या कडीतली पिन मात्र वाकली होती, आणि त्या दिवसापासून रॅम डावी-उजवीकडे हलायला लागला. चूक वंगणाची आणि माझ्या घाईची होती. पण दणकट प्रेसवर हाच प्रसंग फक्त एका पुंगळीवर निभावला असता.

बीड जड असतं आणि जोराखाली कमी लवचतं. हे लवचणं का महत्त्वाचं, ते नीट समजून घ्या. रिकाम्या प्रेसमध्ये तुम्ही डाय शेलहोल्डरला टेकेपर्यंत खाली आणता. आता वंगण लावलेली पुंगळी घालून तोच दांडा पूर्ण ओढा आणि डाय-शेलहोल्डरच्या सांध्यामागे टॉर्च धरा. फटीतून उजेड दिसला तर जोरामुळे प्रेस ताणली गेली आहे. एखाद-दोन थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.०२५ ते ०.०५ मिमीची फट असेल, पण पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) किती मागे ढकलायचा याचं मापही तेवढंच असतं. बोल्ट रायफलसाठी बरेच जण खांदा १ ते २ थाऊच मागे नेतात. प्रेस कधी एक, कधी तीन थाऊ लवचत असेल तर प्रत्येक पुंगळीचा खांदा वेगळ्या जागी येईल. वंगण जास्त-कमी झालं की माप बदलेल. ताठ प्रेस घेतली की हा सगळा बेभरवसा निम्म्यावर येतो. उरलेलं बारीक काम रेडिंग कंपनीच्या २ ते १० थाऊ उंच अशा शेलहोल्डरच्या संचाने होतं.

जोडकड्या आणि दांडा

प्रेसच्या खालच्या बाजूला दांडा, दोन कड्या आणि रॅम यांची जोडणी असते. दांडा खाली येताना रॅम आधी भराभर वर चढतो, शेवटच्या टप्प्यात मात्र दांडा खूप फिरतो आणि रॅम जेमतेम सरकतो. म्हणजे शेवटी जोर कित्येक पटीने वाढतो. पुंगळीचा जाड खालचा भाग आणि खांदा नेमके याच शेवटच्या टप्प्यात दाबले जातात, म्हणून ही रचना इतकी वर्षं टिकून आहे. काही प्रेसमध्ये कड्या शेवटी सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जातात आणि दांडा 'टक' करून बसल्यासारखा वाटतो. ते चांगलं, कारण प्रत्येक वेळी रॅम त्याच उंचीला थांबतो.

लांब दांड्याने जोर कमी लागतो, पण त्याची फेरी मोठी होते. दांडा खाली आल्यावर टेबलाच्या कडेच्या खाली जातो, तिथे खुर्ची, ड्रॉवरची मूठ, तुमचा गुडघा, काय काय आहे ते आधीच बघा. दांड्याची लांबी बदलता येत असेल किंवा तो डाव्या बाजूला लावता येत असेल तर डावखुऱ्यांसाठी ती मोठी सोय आहे.

रॅमचा व्यास १ इंच किंवा त्याहून जास्त असावा, आणि रॅम फ्रेममध्ये जितका लांबवर आधारलेला असेल तितकं चांगलं. दुकानात रॅम अर्ध्यावर आणा, शेलहोल्डर चिमटीत धरा आणि चारी बाजूंना हलवा. जाणवेल इतका खेळ नवीन प्रेसमध्ये असू नये. जुन्या प्रेसमध्ये थोडा असतोच.

सिंगल, टरेट, प्रोग्रेसिव्ह, को-अॅक्स

सिंगल स्टेज म्हणजे एका वेळी एक डाय, एका वेळी एक काम. पन्नास पुंगळ्यांचं सायझिंग आधी उरकायचं, मग पन्नासांची लांबी मोजायची, असं टप्प्याटप्प्याने. मोठ्या रायफलसाठी हीच रीत बरोबर आहे, कारण सायझिंगमध्ये लांब पुंगळी आणखी लांबते आणि मग तिला कापावं लागतं, कडा घासाव्या लागतात, वंगण पुसावं लागतं. मध्ये एवढी कामं असताना चारही डाय एकदम चालवून मिळणार काय? आरसीबीएसची रॉक चकर ही या प्रकारातली सर्वात ओळखीची प्रेस. कंपनीचं नावही रॉक चक बुलेट स्वेज यावरून पडलेलं, रॉक चक म्हणजे अमेरिकेतला खडकात राहणारा मार्मोट. १९४३ साली फ्रेड हंटिंग्टन यांनी ही कंपनी सुरू केली.

टरेट प्रेसमध्ये फिरत्या डोक्यावर अनेक डाय कायमच्या लावलेल्या राहतात, रेडिंगच्या टी-७ वर सात. डाय बदलायचा त्रास वाचतो, पण सायझिंगच्या वेळी डोकं मागच्या बाजूने किंचित उचललं जातं. हे उचलणं दर वेळी तितकंच असतं, त्यामुळे डाय तेवढी आणखी खाली लावून ते भरून काढता येतं. दोन-तीन वेगवेगळी मध्यम काडतुसं थोडी थोडी भरणाऱ्याला टरेट शोभते. .३०-०६ पर्यंत मी आनंदाने वापरेन, .३३८ लापुआच्या सायझिंगला नाही. स्वतः फिरणारं डोकं असेल तर लांब पुंगळ्यांसाठी ती यंत्रणा बंद करावी लागते का, ते माहितीपत्रकात बघा.

प्रोग्रेसिव्ह प्रेस प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस देते. डिलनची ५५० ही हाताने फिरवायची, चार ठाण्यांची. तासाला शेकडो काडतुसं लागणाऱ्या स्पर्धा नेमबाजाला ती हवीच. मोठी रायफल मात्र दिवसाला वीस-तीस गोळ्या झाडते. शिवाय मोठ्या काडतुसांची पावडर बऱ्याचदा लांब कांड्यांची असते, ती मापकाच्या नळीत आडवी होऊन अडते आणि एखाद्या पुंगळीत कमी, पुढच्या पुंगळीत जास्त पडते. पिस्तुलात ही चूक महाग पडते, पण रायफलच्या दाबाला ती जीवघेणी ठरू शकते. मोठ्या काडतुसाची पावडर तराजूवर तोलूनच घाला. तोलायचंच असेल तर प्रोग्रेसिव्हचा वेग तिथेच संपला.

फॉर्स्टरची को-अॅक्स वेगळ्याच विचाराने बनवलेली आहे. तिच्यात डाय आट्यांनी आवळत नाहीत, लॉक रिंगने खाचेत सरकवतात. शेलहोल्डरऐवजी दोन जबडे पुंगळीची कडा धरतात आणि डाय व पुंगळी दोन्हींना किंचित तरंगता येतं, त्यामुळे ती आपोआप एका रेषेत येतात. डाय काढायला दोन सेकंद लागतात, त्यामुळे तयार काडतूस डायच्या तोंडात अडकलं तरी डायसकट सरकवता येतं. अचूकतेचं वेड असणाऱ्यांनी हिचा जरूर विचार करावा. दांडा मध्यभागी वर असल्याने माथ्याशी जागा लागते, आणि लॉक रिंग त्या खाचेत बसणाऱ्याच घ्याव्या लागतात.

एकाच प्रेसवर निर्णय करायचा असेल तर माझं मत: बिडाची ओ फ्रेम, सिंगल स्टेज, काढता येणारी बुश. डाय पटकन बदलायच्या असतील तर हॉर्नडीसारखी थोड्याशा वळशात बसणारी बुश लावा, प्रेस तीच ठेवा.

छोट्या गोष्टी, ज्या रोज छळतात

जुने प्रायमर कुठे पडतात? साध्या प्रेसमध्ये ते रॅमच्या बाजूने उडून एका वाटीत जातात, निम्मे जमिनीवर. त्यातली राखेसारखी काळी भुकटी रॅमवर बसते, वंगणात मिसळते आणि घासपेपरासारखी रॅम झिजवते. ज्या प्रेसमध्ये रॅम पोकळ असून प्रायमर सरळ आतून नळीत जातात ती निवडा. या भुकटीत शिसं असतं. काम झाल्यावर हात साबणाने धुवा, प्रेस ओल्या फडक्याने पुसा, आणि रिलोडिंगच्या टेबलावर चहा ठेवू नका.

प्रेसवर प्रायमर बसवायची सोय असते, पण त्यासाठी प्रेस निवडू नका. हातातलं साधन स्वतंत्र घ्या. प्रायमर हाताळताना डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे, आणि ते मूळ डब्यातच ठेवायचे, बाटलीत ओतून नाही.

टेबल

उत्तम प्रेस डुगडुगत्या टेबलावर लावली तर ती वाईट प्रेस होते. फळी निदान दीड इंच जाड हवी, दोन प्लायवूड एकमेकांवर चिकटवले तरी चालतं. प्रेस टेबलाच्या पायाच्या वर किंवा अगदी जवळ लावा, दोन पायांच्या मधोमध नाही. लाकडाचे स्क्रू वापरू नका. आरपार बोल्ट घाला आणि फळीच्या खाली लोखंडी पट्टी देऊन त्यावर नट आवळा, कारण मघाशी लिहिल्याप्रमाणे दांडा वर नेताना प्रेस उपटली जाते आणि छोटे वॉशर लाकडात घुसतात. टेबल भिंतीला आवळता आलं तर फारच उत्तम, नाहीतर खालच्या फळीवर वजन ठेवा.

उंची ठरवायला प्रेस तात्पुरती क्लॅम्पने लावा. उभं राहून काम करणार असाल तर दांडा पूर्ण वर असताना तो खांद्याच्या वर जाऊ नये आणि खाली आल्यावर कंबरेत वाकावं लागू नये. बसून काम करणाऱ्यांना सायझिंगचा जोर कमी मिळतो, त्यामुळे मोठ्या काडतुसांसाठी मी उभं राहणं पसंत करतो.

जुनी प्रेस घेताना

बिडाच्या प्रेस पिढ्यान्‌पिढ्या चालतात, त्यामुळे जुनी घेण्यात काही गैर नाही. रॅमवर उभ्या चरा पडल्या आहेत का ते नखाने बघा. माथ्याच्या आट्यात नवीन डाय हाताने, पाना न लावता, शेवटपर्यंत जाते का? कड्यांच्या पिना वाकलेल्या किंवा भोकं अंडाकृती झालेली नाहीत ना? फ्रेमला रंगाखाली केसाएवढी भेग असेल तर परत फिरा, बीड वेल्डिंगने विश्वासाचं होत नाही. गंज नुसता वरवर असेल तर रॉकेल आणि तारेचा ब्रश पुरतो.

नवी प्रेस घरी आली की

पॅकिंगचं तेल पुसा, रॅमला हलकं वंगण लावा, बोल्ट आवळा. डाय लावण्याआधी रिकामी प्रेस पंचवीसदा वर-खाली करा आणि बोल्ट पुन्हा तपासा, पहिल्या दिवशी ते हमखास सैल होतात. मग सायझिंग डाय लावून दहा पुंगळ्या घ्या, एकाच बंदुकीतून आणि शक्यतो एकाच खेपेत सुटलेल्या. अंगाला वंगणाचा पातळ हात द्या, खांद्यावर जास्त लावू नका, नाहीतर तिथे खड्डा पडतो, आणि मानेच्या आत ब्रशने अगदी थोडं लावा. दांडा एका लयीत ओढा. मध्येच नेहमीपेक्षा जड लागला तर थांबा, पुंगळी मागे घ्या, वंगण लावा, पुन्हा जा.

दहाही पुंगळ्यांच्या खांद्याची जागा मोजा. सगळ्यांत मिळून फरक १ ते २ थाऊच्या आत असेल तर प्रेस, टेबल आणि वंगण तिन्ही जागेवर आहेत. जास्त असेल तर आधी वंगण सारखं करून पाहा, मग टेबलाचे बोल्ट, मग टॉर्च लावून डाय आणि शेलहोल्डरमधली फट. एका पुंगळीला शेवटी दांडा दोन-तीन सेकंद दाबून धरून पाहा. तिचा खांदा बाकीच्यांपेक्षा जास्त मागे गेला, तर पुढे प्रत्येक पुंगळीला तेवढाच वेळ दांडा धरून ठेवा. मी मोठ्या काडतुसांना मनात तीन आकडे मोजतो आणि मगच दांडा सोडतो.